सर्व्हर वाढवून न सुटणारा प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठी संगणकप्रणाली काही तास बंद पडली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरावीक शब्द असतात: तांत्रिक बिघाड, सर्व्हर डाउन, अनपेक्षित ताण. पाठोपाठ पत्रांतून आणि चर्चांतून दोन मागण्या येतात. सर्व्हर वाढवा, आणि टेस्टिंग नीट करा. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण अशा बिघाडांचे जे तपशीलवार अहवाल आजवर जाहीर झाले ते वाचले, तर मूळ दुखणे बहुधा तिसरीकडेच सापडते. प्रणालीचे भाग कसे पाडले, कोणता भाग कोणावर विसंबून आहे, कोणता डेटा कोणाच्या ताब्यात आहे, आणि एक भाग पडला तर बाकीच्यांनी काय करायचे हे आधी कोणी ठरवले होते का? यालाच सॉफ्टवेअर आर्किटेक्चर म्हणतात. हे निर्णय कामाच्या पहिल्या काही महिन्यांत, बरेचदा घाईत होतात, आणि पुढे ते बदलायला सगळ्यात जास्त खर्च येतो. ही बाजू वाचकांपर्यंत क्वचितच पोचते, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, कारण आकडे मांडल्याशिवाय हा मुद्दा पटत नाही.

आधी सर्व्हर वाढवण्याचेच घेऊ. समजा, १० अॅप्लिकेशन सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाने डेटाबेसकडे २० कनेक्शनचा पूल (तयार ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) उघडला आहे. म्हणजे डेटाबेसवर २०० कनेक्शन. ताण वाढला म्हणून कोणी सर्व्हर ५० केले, तर कनेक्शन होतात १,०००. पोस्टग्रेस या सर्रास वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची आहे. ती वाढवता येते, पण तिथे प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस (चालू प्रोग्राम) चालते, तिला मेमरी लागते, आणि एकाच ओळीवर लिहायला आलेले हजार जण एकमेकांचे लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारे कुलूप) सुटण्याची वाट पाहत बसतात. पुढची बाजू पाचपट झाली आणि मागचा डेटाबेस तेवढाच राहिला, की काल जे हळू चालत होते ते आज पूर्ण थांबते. सर्व्हर वाढवून काम भागते, पण त्यासाठी काही गोष्टी आधीच जमवून ठेवाव्या लागतात: वापरकर्त्याची कोणतीही माहिती एका ठरावीक सर्व्हरच्या मेमरीत अडकलेली नसावी, कनेक्शन मध्ये एका सामायिक पूलरमधून (सर्वांना जोडण्या वाटून देणाऱ्या घटकातून) जावीत, वाचनाचा भार डेटाबेसच्या प्रतींवर वळवता यावा. या तिन्ही गोष्टी ऐन गर्दीच्या दिवशी बसवता येत नाहीत.

याहून घातक प्रकार म्हणजे बंद न पडता नुसता मंदावलेला भाग. एका सर्व्हरवर २०० थ्रेड (एका वेळी एकच काम हाताळणारे धागे) आहेत आणि प्रत्येक विनंती एक थ्रेड अडवून ठेवते असे धरू. विनंतीला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर एक थ्रेड सेकंदाला २० विनंत्या उरकतो आणि सगळे मिळून ४,०००. प्रत्यक्षात येतात १,५००, म्हणजे भरपूर मोकळीक आहे. आता दहापैकी एकाच विनंतीला लागणारी एक दुय्यम सेवा, समजा शिफारशी दाखवणारी, मंदावली आणि उत्तराला २ सेकंद घेऊ लागली. सेकंदाला अशा १५० विनंत्या आणि प्रत्येकीला दोन सेकंद, म्हणजे त्यांनाच ३०० थ्रेड हवेत. आहेत २००. काही सेकंदांत सगळे थ्रेड त्या शिफारशींची वाट पाहत अडकतात, आणि ज्यांना शिफारशींशी काही देणेघेणे नाही अशा १,३५० विनंत्याही दाराबाहेर खोळंबतात. या क्षणी देखरेखीच्या पडद्यावर सीपीयू जवळजवळ रिकामा दिसतो, मेमरी ठीक दिसते, लॉगमध्ये एकही एरर नसते. बघणाऱ्याला कळत नाही की बिघडले काय. हे गणित जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाचे आहे: आत असलेल्या विनंत्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. संगणकशास्त्रात इतके साधे आणि इतक्या वेळा दुर्लक्षिले गेलेले सूत्र दुसरे नसेल.

उपाय ठाऊक आहेत. त्या सेवेला २०० मिलिसेकंदांचा टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची कमाल मर्यादा, लावला, की एक विनंती तिचे एरवीचे ५० मिलिसेकंद धरून फार तर पाव सेकंद थ्रेड धरते आणि ३०० थ्रेडची गरज ३८ वर येते. शिवाय त्या सेवेसाठी थ्रेड किंवा कनेक्शनचा वेगळा कप्पा ठेवायचा, समजा ४० चा, आणि तो भरला की पुढच्याला वाट पाहायला न लावता लगेच नकार द्यायचा. सलग अपयश येऊ लागले तर काही काळ विचारणेच थांबवायचे आणि अधूनमधून एखादी विनंती सोडून अंदाज घ्यायचा. पण या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो प्रोग्रामरने रात्री दोन वाजता सोडवायचा नसतो. शिफारशी मिळाल्या नाहीत तर पानावर काय दाखवायचे? तो भाग रिकामा ठेवायचा, कालच्या दाखवायच्या, की पान उघडूच द्यायचे नाही? ज्या प्रणालीत शिफारशींचे उत्तर आल्याशिवाय पुढचा कोड चालतच नाही, तिथे टाइमआउट लावून फक्त बिघाड लवकर होतो. आणखी एक बारीक पण महागडी गोष्ट: नेटवर्कवरून बोलणाऱ्या कित्येक लायब्ररींत (तयार कोडच्या संचांत) टाइमआउटचे मूळ सेटिंग 'कितीही वेळ थांब' असेच असते. ते कोणीतरी जाणीवपूर्वक बदलावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी बदलावे लागते.

टाइमआउटच्या जोडीला रिट्राय, म्हणजे उत्तर न आल्यास पुन्हा विचारणे, येतो, आणि तिथे चांगल्या हेतूने केलेले काम अंगलट येते. मोबाइल अॅप मधल्या सेवेला विचारते, मधली सेवा खातेसेवेला, खातेसेवा डेटाबेसला. तिन्ही टीमनी आपापल्या जागी शहाणपणाने 'तीनदा प्रयत्न कर' असे लिहिले, तर वरून आलेल्या एका विनंतीचे डेटाबेसपाशी ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७ प्रयत्न होऊ शकतात. तेही नेमके डेटाबेस धापा टाकत असताना. म्हणून रिट्राय एकाच थरावर असावा, दोन प्रयत्नांमधले अंतर १००, २००, ४०० मिलिसेकंद असे वाढत जावे, त्यात थोडा यादृच्छिक फरक टाकावा म्हणजे हजारो ग्राहक एकाच ठोक्याला परत येत नाहीत, आणि एकूण रिट्राय मूळ विनंत्यांच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे गेले की ते सरळ बंद व्हावेत. एकेका टीमचा कोड वाचून यातला दोष दिसत नाही, कारण प्रत्येकीचा कोड बरोबरच असतो. तिन्ही थर एकत्र पाहणारा कोणी असेल तरच तो दिसतो.

पैशांच्या व्यवहारात हाच रिट्राय दुप्पट वजावट करतो. उत्तर आले नाही याचे दोन अर्थ होतात: काम झालेच नाही, किंवा काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे व्यवहार सुरू करणाऱ्याने आधीच एक अद्वितीय क्रमांक तयार करायचा, तो विनंतीसोबत पाठवायचा, आणि घेणाऱ्याने तो क्रमांक खात्यातल्या बदलासोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतात किंवा एकही होत नाही अशा गटात), युनिक बंधनासह, म्हणजे तोच क्रमांक दोनदा नोंदवता येणार नाही असा, नोंदवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न हलवता आधीचेच उत्तर परत द्यायचे. चुका दोन ठिकाणी होतात. काही जण हा क्रमांक रिट्रायच्या आतल्या भागात तयार करतात, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक लागतो आणि सारी खटपट वाया जाते. काही जण क्रमांक वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवतात, आणि दोन नोंदींच्या मध्ये सर्व्हर बंद पडला की एक नोंद राहते, दुसरी राहत नाही. डेटाबेसमध्ये नोंद करून लगेच मेसेज क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) निरोप टाकणाऱ्या कोडमध्येही हीच फट असते. तिथे निरोप आधी त्याच डेटाबेसच्या एका टेबलात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहून ठेवायचा आणि वेगळ्या प्रोसेसने तो उचलून क्यूत टाकायचा. तो कधी दोनदा जाईल, पण हरवणार नाही. दोनदा आलेला निरोप ओळखणे हे घेणाऱ्याचे काम.

आता उपलब्धतेचे. एखादी सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असते असे म्हटले की ऐकायला छान वाटते. महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद, एवढाच त्याचा अर्थ. पण एक पान दाखवायला अशा ३० सेवा लागत असतील आणि तीसही चालू असणे आवश्यक असेल, तर ०.९९९ चा ३० वा घात ०.९७ येतो. महिन्याला २१ तास. तीसही टीमनी आपापले उद्दिष्ट गाठले आणि प्रणाली तरीही रोज सरासरी पाऊण तास बंद राहिली, अशी ही स्थिती आहे. वेगाचेही तेच. एका सर्व्हरला शंभरपैकी एकदाच उत्तराला एक सेकंद लागतो, पण एका विनंतीसाठी असे १०० सर्व्हर एकाच वेळी विचारावे लागत असतील, तर १०० पैकी ६३ विनंत्यांना एक सेकंद लागेल. सरासरी वेळ पाहणाऱ्याला यातले काही दिसणार नाही. म्हणून जाणकार सरासरी विचारत नाहीत, ९९ व्या शतमकाचा आकडा, म्हणजे १०० पैकी ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत उरकतात तो, विचारतात.

यावर 'एकाऐवजी दोन ठेवा' हे उत्तर येते. ९९ टक्क्यांच्या दोन यंत्रणा समांतर ठेवल्या की गणिताने ९९.९९ टक्के मिळतात. अट एकच, त्यांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले, त्याचा चौकशी अहवाल यासाठी प्रत्येकाने वाचावा. दिशा आणि गती मोजणारी यंत्रणा दुहेरी होती, पण दोन्हींत हार्डवेअर तेच आणि सॉफ्टवेअरही तेच. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना मावली नाही. राखीव यंत्रणा आधी बंद पडली आणि क्षणार्धात मुख्य यंत्रणाही, त्याच कारणाने. ज्या गणनेत हे घडले तिची उड्डाणानंतर गरजच नव्हती, ती एरियान ४ मधून तशीच उचललेली होती. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अहवालातला आणखी एक मुद्दा. असा अपवाद घडला तर प्रोसेसर थांबवावा, हे आराखड्यातच ठरलेले होते, कारण बिघाड होईल तो हार्डवेअरचाच, अचानक होणारा, असे गृहीत धरले होते. तो प्रोसेसर थांबला तो ठरल्याप्रमाणेच थांबला. ज्या प्रश्नावर सगळे उभे होते, म्हणजे सॉफ्टवेअरच चुकले तर काय, तो आराखड्याच्या वेळी विचारलाच गेला नव्हता.

सावरण्याची यंत्रणाच कधी बिघाड पसरवते. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या कंपनीचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास कोलमडले. एक स्विच (कॉल जोडणारे यंत्र) बंद पडून पुन्हा सुरू झाला, आपण परत आलो असे शेजाऱ्यांना कळवू लागला, आणि तो निरोप लागोपाठ ठरावीक अंतराने आला की शेजारचा स्विच बंद पडत असे. मग तो सुरू होई, आणि त्याच्या शेजाऱ्यांना कळवी. अशा ११४ स्विचेसवर एकच नवे सॉफ्टवेअर बसवलेले होते. चूक कोडच्या काही ओळींत होती, पण सगळीकडे एकाच वेळी एकच आवृत्ती असणे आणि एका स्विचची अडचण दुसऱ्यापर्यंत पोचायला वाट मोकळी असणे, हा रचनेचा भाग झाला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, तिथेही हेच. तो अपडेट आधी थोड्या यंत्रांवर आणि मग टप्प्याटप्प्याने गेला असता, तर नुकसान त्या थोड्यांपुरते राहिले असते.

दुरुस्तीची साधने कशावर उभी आहेत, हाही आर्किटेक्चरचाच प्रश्न आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेतले हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर एका चुकीच्या कमांडने काढले गेले. सेवा बंद आहे हे ग्राहकांना सांगणारे स्थितिफलक अद्ययावत करण्याची सोयही एस-थ्रीवरच विसंबून होती, त्यामुळे बराच वेळ फलकावर खरी स्थिती लावता येईना. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले तेव्हा ते दुरुस्त करायला लागणारी साधने त्याच जाळ्यावर होती. सुमारे सहा तास गेले. प्रत्येक मोठ्या प्रणालीत एक दिवस बसून कोणता भाग कोणावर विसंबून आहे याचा आलेख कागदावर काढावा आणि विचारावे: मुख्य जाळे, डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी सेवा), लॉगिन आणि निरोपाची सेवा हे सगळे बंद असताना दुरुस्त करणारा माणूस आत शिरणार कसा? बहुतेक ठिकाणी या आलेखात कुठेतरी वर्तुळ सापडते.

टेस्टिंगवर विसंबणाऱ्यांसाठी नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीचे उदाहरण द्यायला हवे. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिने ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर राहून गेला. नवे काम सुरू करण्यासाठी जो फ्लॅग (काम चालू-बंद करणारी खूण) वापरला तो पूर्वी एका जुन्या कामासाठी वापरला जात असे. ते काम २००३ पासून बंद होते, पण त्याचा कोड काढलेला नव्हता. फ्लॅग चालू होताच आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड जागा झाला आणि सौदे पाठवत सुटला. गोंधळ आवरायला सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला गेला, तेव्हा जुना कोड आठही ठिकाणी चालू झाला. यातली कुठली गोष्ट युनिट टेस्टने, म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा तपासणाऱ्या चाचणीने, पकडली असती? नवा कोड त्याच्या जागी बरोबर होता. दोन आवृत्त्या एकाच वेळी चालू असताना काय होईल, मागे फिरणे खरोखर सुरक्षित आहे का, आणि सगळे सर्व्हर एकाच आवृत्तीवर नसतील तर काम सुरू होऊच नये अशी अट आहे का, हे प्रश्न रचनेचे आहेत.

इथून मी त्या विषयाकडे येतो जो बातम्यांत कधीच येत नाही, पण प्रणालीचे आयुष्य ठरवतो. तो म्हणजे बदल. समजा, डेटाबेसच्या एका टेबलात पूर्ण नाव एकाच रकान्यात आहे आणि आता नाव व आडनाव वेगळे हवे आहे. चालू प्रणाली न थांबवता हे करायचे तर आधी दोन नवे रकाने रिकामे जोडायचे. मग कोड जुन्या आणि नव्या दोन्ही जागी लिहील, पण वाचील जुन्यातून, असा बदल सोडायचा. त्यानंतर आधीच्या नोंदी हजार-दोन हजारांच्या गठ्ठ्यांनी भरायच्या, मध्ये थोडी उसंत देत, प्रती मागे पडत नाहीत ना ते पाहत. सगळा टेबल एकाच आज्ञेत भरायला घेतला तर लाखो ओळींवरचे लॉक शेवटपर्यंत सुटत नाहीत, हे इथे हमखास चुकते. मग जुने आणि नवे जुळते का ते क्वेरीने ताडायचे, जुळले की वाचन नव्याकडे वळवायचे, काही दिवसांनी जुन्यात लिहिणे थांबवायचे, आणि काही आठवड्यांनी जुना रकाना काढायचा. प्रत्येक पायरीनंतर एक पाऊल मागे येता आले पाहिजे.

हे सगळे तेव्हाच जमते जेव्हा त्या टेबलाला एकच मालक असतो. तोच टेबल बारा वेगवेगळी अॅप्लिकेशन थेट वाचत असतील, कोणी अहवालासाठी, कोणी रात्रीच्या बॅचसाठी, तर वाचन वळवण्याची पायरी बाराजणांची मिळून होते आणि जुना रकाना काढण्याची वेळ कधीच येत नाही. दोन्ही रकाने कायम राहतात, त्यांतले मजकूर हळूहळू वेगळे होतात, आणि चार वर्षांनी कोणता खरा हे सांगणारा माणूस उरत नाही. अशा चाळीस-पन्नास गोष्टी साठल्या की ती प्रणाली 'हात लावू नका' या यादीत जाते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी १९७२ सालीच मांडले होते की काम कोणत्या क्रमाने होते त्यावरून मॉड्यूल (प्रोग्रामचे भाग) पाडू नयेत, कोणता निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते पाहून पाडावेत आणि तो निर्णय एकाच मॉड्यूलच्या आत लपवावा. नाव कसे साठवले आहे हा असाच एक निर्णय. तो आत लपवलेला असता, बाहेरच्यांनी टेबल न वाचता ठरलेल्या इंटरफेसमधून विचारले असते, तर बदल एका टीमचा आणि काही दिवसांचा झाला असता. मॉड्यूल १० असतील तर त्यांच्यात जास्तीत जास्त ४५ जोड्या होऊ शकतात, ५० असतील तर १,२२५. मोकळीक दिली की त्यातल्या बऱ्याचशा जोड्या कोणी ना कोणी वापरायला लागतो. म्हणून कोणत्या मॉड्यूलने कोणाला हाक मारायची नाही, हे कागदावर न ठेवता बिल्डमध्येच, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होतानाच, तपासावे. नियम मोडणारा किंवा वर्तुळ तयार करणारा बदल मूळ कोडमध्ये मर्जच होऊ नये.

मायक्रोसर्व्हिसने, म्हणजे प्रणाली छोट्या स्वतंत्र सेवांत वाटून, हा प्रश्न आपोआप सुटतो, हा समज मात्र सोडायला हवा. एकाच प्रोसेसमधली फंक्शनची हाक काही नॅनोसेकंदांची असते. तीच हाक एकाच डेटा सेंटरमधल्या नेटवर्कवरून गेली की साधारण अर्धा मिलिसेकंद घेते, आणि वर ती फसू शकते, उशिरा येऊ शकते, दोनदा येऊ शकते. भाग चुकीच्या जागी पाडलेले असतील तर नेटवर्क मध्ये घालून ते सुटे होत नाहीत, फक्त लांब जातात. लक्षण ओळखायला सोपे आहे: एक सुविधा सोडायला एकाच रात्री चार सेवा ठरावीक क्रमाने डिप्लॉय कराव्या, म्हणजे सर्व्हरवर चढवाव्या, लागतात. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने चित्राचा दर्जा तपासणारे आपले एक साधन २०२३ मध्ये वेगवेगळ्या सेवांतून काढून एकाच प्रोसेसमध्ये आणले आणि त्याचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर केले. ते त्या एका साधनापुरते खरे आहे, सरसकट नियम नव्हे. सुटे पाडावे ते तेव्हा, जेव्हा दोन भागांचा ताण वेगळा आहे, बदलाचा वेग वेगळा आहे, किंवा ते सांभाळणाऱ्या टीम वेगळ्या आहेत. शेवटच्या कारणाला कमी लेखू नये. संस्थेतली संवादाची रचना तिच्या प्रणालीत उतरते, हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिले, आणि ज्या दोन टीम एकमेकींशी महिनोन् महिने बोलत नाहीत त्यांच्यामधला इंटरफेस पाहिला की ते अजून पटते.

प्रणाली विकत घेणाऱ्यांकडूनही एक मोठी चूक होते. करारात 'प्रणाली वेगवान, सुरक्षित आणि विश्वासार्ह असावी' असे लिहिले जाते. यातला एकही शब्द मोजता येत नाही, म्हणून त्यावरून कोणतीही रचना ठरत नाही. त्याऐवजी असे लिहावे: सेकंदाला २,००० विनंत्या येत असताना १०० पैकी ९९ विनंत्यांना ३०० मिलिसेकंदांत उत्तर मिळेल, मुख्य डेटाबेस बंद पडल्यास ३० सेकंदांत वाचन आणि दोन मिनिटांत लेखन पुन्हा सुरू होईल, पावती दिलेला एकही व्यवहार हरवणार नाही, नवा शुल्कप्रकार एकाच मॉड्यूलमध्ये बदल करून पाच दिवसांत आणता येईल. असे लिहिले की मागण्या एकमेकींना कुठे छेदतात ते लगेच दिसते. एकही व्यवहार हरवू नये म्हणून दुसरी प्रत १,००० किलोमीटरवर ठेवली आणि तिची पोच आल्याशिवाय पावती द्यायची नाही असे ठरले, तर प्रकाश फायबरमध्ये सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन किमान १० मिलिसेकंद प्रत्येक लेखनाला द्यावेच लागतील. आणि मधली लाइन तुटली तर दोनच वाटा उरतात: लेखन थांबवायचे, किंवा दोन प्रती काही काळ वेगळ्या होऊ द्यायच्या. एरिक ब्रूअर यांनी २००० साली हे मांडले आणि २००२ मध्ये ते गणिताने सिद्धही झाले. त्यातली कोणती वाट घ्यायची हे प्रणाली ज्याची आहे त्याने ठरवायचे असते. त्याने ठरवले नाही तर तो निर्णय एखाद्या डेटाबेसच्या मूळ सेटिंगवर सोडला जातो.

प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी एका पानाची नोंद ठेवावी: परिस्थिती काय होती, पर्याय कोणते होते, काय निवडले, त्यामुळे काय गमावले, तारीख काय. ती कोडच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) असावी. एरियानची गणना आणि नाइट कॅपिटलचा फ्लॅग, दोन्ही ठिकाणी जुनी गोष्ट का ठेवली आहे हे नव्या कामाच्या वेळी कोणीतरी विचारायला हवे होते.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखादी मोठी सेवा बंद पडली, तर 'किती सर्व्हर होते' याच्या पलीकडे जाऊन विचारावे: सर्वांत आधी कोणता भाग पडला, आणि बाकीचे त्याच्यामुळे का पडले? बिघाड कळायला किती मिनिटे लागली, आणि तो यंत्रणेने कळवला की ग्राहकांनी? मागच्या आवृत्तीवर परत जाता आले का? बदल आधी किती टक्के यंत्रांवर सोडला होता? बॅकअप घेतला जातो का, असे विचारले तर उत्तर नेहमी 'हो' असेच येते. म्हणून शेवटचा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर कोणत्या तारखेला उतरवून पाहिला आणि त्याला किती तास लागले, हे विचारावे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे.

कळावे,
आपला,
मोठ्या प्रणालींच्या रचनेचे काम करणारा एक वाचक